आठवीतून नववीत: शाळेचं वर्ष जूनमध्येच समजून घ्यायला हवं (मुंबई, अनुदानित आणि महापालिका शाळा)

लालबागकरीण

माझी मुलगी गिरणगावातल्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकते. यंदा ती आठवी उत्तीर्ण होऊन नववीत गेली. हा धागा माझ्यासारख्या पालकांसाठी काढतेय. इथे जे शिक्षक वाचत असतील, शाळेच्या कार्यालयात ज्यांनी नोकरी केली असेल, त्यांनी भर घालावी ही विनंती.

आपण आठवी-नववी-दहावी एका दमात म्हणतो, पण आठवी संपली की मुलाला लागू असलेले नियमच बदलतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा पहिली ते आठवीसाठी आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आणि फेरपरीक्षा आली असली, तरी आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मधल्या सुट्टीतली खिचडी आठवीपर्यंतच. समग्र शिक्षातून मिळणारी मोफत पुस्तकंही तिथवरच. सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवलं गेलं पाहिजे, हे कायद्यात लिहिलेलं आहे. नववीपासून सगळं माध्यमिक शाळा संहिता, शासन निर्णय आणि त्या त्या शाळेची रीत यांवर चालतं. ही रीत कागदावर कुठेच नसते. "मागच्या वर्षीच्या पालकांना विचारा" असं उत्तर मिळतं.

दोन्ही पालक कामाला जाणाऱ्या घरात हे झेपत नाही. माझे मिस्टर शिफ्टला असतात, मी परळला एका दवाखान्यात काम करते. रजा टाकायची तर आधी कळायला हवं. सहामाही कधी, नववीची तोंडी परीक्षा कधी, चित्रकलेच्या परीक्षेचे फॉर्म कधी, पालकसभा सकाळी की संध्याकाळी, हे सगळं शाळेला ठाऊक असतं, कारण शाळेचं वार्षिक नियोजन जूनच्या आधीच तयार होतं. ते मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याची एक प्रत नववीच्या प्रत्येक घरी जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचावी. व्हॉट्सॲपवरच्या सुट्या सूचना वेगळ्या आणि भिंतीवर लावता येईल असा कागद वेगळा.

शिक्षकांनी कृपया सांगावं: नववीचं वर्ष नेमकं कसं चालतं?

---

खडूफळा

ताई, मी भांडुपच्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

संहितेप्रमाणे आमचे कामाचे दिवस २३० आणि सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ पेक्षा जास्त नकोत. हा हिशेब दिवाळी, गणपती, नाताळ आणि उन्हाळा धरून बसवला जातो. कागदावर तो बसतोही. नववीच्या वर्गात प्रत्यक्षात काय होतं ते मात्र पालकांना माहीत नसतं.

जूनच्या मध्याला शाळा सुरू होते. पहिले पंधरा दिवस गणवेश, पुस्तकं, हजेरीपट, आधारच्या नोंदी. जुलै हा खरा शिकवायचा महिना. ऑगस्टमध्ये पहिली घटक चाचणी, स्वातंत्र्यदिन, मग गणपती. सप्टेंबरअखेर पटाची गडबड. ३० सप्टेंबरच्या पटावरून पुढच्या वर्षी आमच्या शाळेला किती शिक्षक मिळतील ते ठरतं, म्हणून त्या दिवसांत गैरहजर मुलांच्या घरी फोन येतात. ते फोन मनापासून घ्या, त्यात एखाद्या शिक्षकाची नोकरी असते. ऑक्टोबरात सहामाही, मग दिवाळीची सुट्टी.

दुसरं सत्र दिवाळीनंतर. डिसेंबर-जानेवारीत क्रीडामहोत्सव, सहल, स्नेहसंमेलन. त्याच वेळी दहावीची पूर्वपरीक्षा, तिचे पेपर तपासणं, जादा तास. जानेवारीच्या शेवटापासून दहावीच्या तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बोर्डाची लेखी. २०२५ मध्ये दहावीची लेखी २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी झाली. ज्या शाळेत केंद्र बसतं तिथे पेपरच्या दिवशी नववीला सुट्टी द्यावी लागते नाहीतर दुसऱ्या अधिवेशनात, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या पाळीत, बसवावं लागतं. ज्या शाळेत केंद्र नाही तिथले शिक्षकही पर्यवेक्षणाला दुसरीकडे जातात. त्यानंतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

म्हणजे नववीचा अभ्यासक्रम खऱ्या अर्थाने शिकवायला दुसऱ्या सत्रात दिवाळीनंतरचे आठवडे ते जानेवारी एवढाच सलग काळ मिळतो. फेब्रुवारीनंतर वर्ग तुटक भरतो. नववीच्या भूमिती आणि बीजगणितातले जे धडे मागे पडतात ते याच दिवसांतले असतात, आणि दहावीचं गणित थेट त्यांच्यावर उभं आहे. पालकांनी गणिताच्या शिकवणीचे पैसे दहावीच्या जूनमध्ये भरण्याऐवजी नववीच्या फेब्रुवारीत रोज तासभर मुलाजवळ बसावं, असं मी दर पालकसभेत सांगतो.

या वर्षी आणखी एक भर आहे. जनगणनेची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारणाच्या कामाला लावण्याची मुभा आहे. म्हणजे बोर्डाची परीक्षा आणि जनगणना एकाच महिन्यात येण्याची शक्यता आहे. शाळेला आतापासून विचारा की तेव्हा नववीच्या तासिका कोण घेणार.

---

लालबागकरीण

सर, हे इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. "फेब्रुवारीनंतर वर्ग तुटक भरतो" हे वाक्य त्या कागदावर आलं पाहिजे.

---

मानखुर्दची_आई

माझा मुलगा महापालिकेच्या शाळेत नववीला गेलाय. आमच्याकडे खिचडी बंद झाली ते खरं, पण २७ शालोपयोगी वस्तू मिळतात, पुस्तकं-वह्या-गणवेश-बूट-छत्री सगळं त्यातच, त्यामुळे तो भार नाही. वस्तू कधी हातात पडतात हा प्रश्न असतो. छत्री जूनमध्ये मिळाली तर उपयोग.

खिचडीचं मात्र मनाला लागतं. नववीतलं पोर चौदा वर्षांचं, भूक दुप्पट झालेली, आणि शाळा सकाळी सातची. मी पहाटे पाचला कामाला निघते. आठवीपर्यंत मला ठाऊक असायचं की दुपारपर्यंत पोटात काहीतरी जाईल. आता रात्रीच पोळीभाजीचा डबा भरून ठेवते. वाढत्या वयातच जेवण थांबवायचं हा नियम बदलला पाहिजे. कोणी आमदार-नगरसेवक वाचत असतील तर त्यांनी हा प्रश्न विचारावा.

---

भांडुपचा_चिपळूणकर

गणपतीबद्दल लिहितो. कोकणातल्या माणसाला शाळेचं वेळापत्रक जूनमध्ये मिळणं किती गरजेचं आहे ते पाहा. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलं होतं. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ ला आहे, म्हणजे कोकण रेल्वेची तिकिटं जुलैच्या मध्याला काढायची. तोपर्यंत शाळेची गणपतीची सुट्टी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि चाचणी सुट्टीच्या आधी की नंतर, हे कळलं नाही तर तिकीट कशाच्या भरवशावर काढायचं? आमच्याकडे एका वर्षी गौरी-गणपतीला लागूनच चाचणी लागली. गावी घरचा गणपती, आजी-आजोबा वाट बघणारे, आणि पोराला घेऊन मी मुंबईत. गणपतीत मुंबईतल्या मराठी शाळेचा अर्धा वर्ग गावाला असतो हे शाळेला काय नवीन आहे?

---

शिस्तप्रिय_दादर

सगळं शाळेनेच द्यायचं? मुलगा नववीत आहे, त्याची डायरी बघणं, शिक्षकांना भेटणं हे पालकांचं काम. शिक्षकांवर आधीच कागदपत्रांचा डोंगर आहे, त्यात आणखी एक कागद नको. आणि नववीला थोडी कडक परीक्षा असलीच पाहिजे. आठवीपर्यंत ढकलत आणलेल्या मुलांना नववीतच पहिल्यांदा कळतं की अभ्यास करावा लागतो.

---

खडूफळा

शिस्तप्रिय, शिक्षकांची बाजू घेतलीत त्याबद्दल आभार, पण हा कागद आमचं काम कमी करतो. एकच तारीख चाळीस पालकांना फोनवर सांगण्यापेक्षा जूनमध्ये एकदा छापून देणं सोपं.

नववीच्या कडकपणाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. नववीच्या निकालात अभ्यासाखेरीज आणखी एक गोष्ट असते. दहावीचा निकाल १०० टक्के लागला की शाळेच्या फाटकावर फलक लागतो. त्या आकड्यासाठी काही शाळांत नववीची कच्ची मुलं दहावीपर्यंत येऊच दिली जात नाहीत. "नापास होण्यापेक्षा १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसा" असं पालकाला समजुतीच्या सुरात सांगितलं जातं. १७ नंबर म्हणजे शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचा अर्ज. गरीब पालक मान हलवतो. मुलाला घरी बसून दहावी करायची असते, आणि ती बहुतेकदा होत नाही. माझ्या एकवीस-बावीस वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांत असे काही आहेत, आज कुरियर आणि जेवण पोचवायच्या कामाला आहेत. वर्गात ते हुशार होते, इंग्रजीत आणि गणितात अडकले होते.

म्हणून नववीच्या पालकांनी लक्षात ठेवावं: शाळेने सुचवलं म्हणून १७ नंबर घ्यावाच लागतो असं मुळीच नाही. उत्तीर्णतेचे नियम आणि सवलतीच्या गुणांचे नियम लेखी विचारा, उत्तरपत्रिका बघायला मागा, फेरपरीक्षेबद्दल लेखी अर्ज द्या. आणि नववीतच पुन्हा बसायची वेळ आली तर त्याच शाळेत बसा. दाखला काढू नका.

---

रात्रशाळेतला_मास्तर

खडूफळा सरांच्या प्रतिसादाला जोडून. मी मध्य मुंबईतल्या रात्रशाळेत शिकवतो. आमच्याकडे येणारी बरीच मुलं नववीतून बाहेर पडलेलीच असतात. मधली दोन-तीन वर्षं वाया गेल्यावर येतात, कारण रात्रशाळा अजून चालतात हेच कोणी सांगितलेलं नसतं.

रात्रशाळा साधारण संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ भरते, बहुतेक ठिकाणी दिवसशाळेच्याच इमारतीत. आठवी ते दहावीचे वर्ग असतात. महत्त्वाचं म्हणजे इथला विद्यार्थी बोर्डाला नियमित विद्यार्थी म्हणून बसतो. त्याला हजेरी आहे, वर्गशिक्षक आहे, सराव परीक्षा आहे. १७ नंबरवाल्याला शाळा फक्त अर्ज आणि केंद्रापुरती मिळते. घरची कमाई मुलावर आली असेल तर नववीतून त्याचं नाव काढून टाकण्याआधी जवळच्या रात्रशाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. आमची शाळा मुलांच्या हजेरीवरच उभी आहे. पट घटला की तुकडी जाते, आणि तुकडी गेली की त्या भागात पुन्हा उघडत नाही.

---

शीवची_मावशी

माझ्या भाचीच्या अनुभवावरून एक तारीख सुचवते, ती कागदावर यायलाच हवी. मूल हुशार आहे पण वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, लिहिताना गळतात, गणितात आकडे जागा बदलतात, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी आठवीत किंवा नववीच्या सुरुवातीलाच करून घ्या. मुंबईत शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत ती होते. नेत्र आणि श्रवण तपासणी, बुद्ध्यांक चाचणी, शैक्षणिक चाचणी असे टप्पे असतात, एका भेटीत काम होत नाही, रांगही मोठी असते. दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ केली तर बोर्डाच्या अर्जाची वेळ निघून गेलेली असते.

प्रमाणपत्र मिळालं की जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय घेता येतो. माझी भाची आठवीपर्यंत "आळशी" म्हणून ओळखली जायची. तपासणीनंतर तिच्या बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसवलं आणि तोंडी उत्तरं घ्यायला सुरुवात केली. तिचं शाळेत जाणं त्या एका बदलाने सुखाचं झालं. पालकांना घाबरू नका म्हणावंसं वाटतं. हा आजार नाही, मुलाचा हक्क आहे.

---

मानखुर्दची_आई

मावशी, आमच्या वस्तीत अशी दोन मुलं मला लगेच डोळ्यांसमोर आली. त्यांच्या आयांना आजच सांगते.

---

जनरल_रजिस्टर

मी एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. कार्यालयाच्या खिडकीतून दिसणारं वर्ष थोडं वेगळं असतं, ते सांगतो.

नववीच्या पालकांनी जून-जुलैमध्ये एक काम करावं. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली आपल्या मुलाची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघावी. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. जन्मदाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. दहावीचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास भरला जातो आणि त्यातलं नाव बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जातं. मूल शाळेत असेपर्यंत योग्य पुरावे जोडून शाळेमार्फत शिक्षण खात्याकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. शाळा सोडल्याचा दाखला एकदा बाहेर पडला की तीच दुरुस्ती फार कठीण होते. जातीचं प्रमाणपत्र, जात पडताळणी, पासपोर्ट, सगळीकडे हा दाखला मागतात. "आधारवर बरोबर आहे ना" म्हणून निर्धास्त राहू नका, आधारवर एक आणि रजिस्टरला दुसरं असं मी शेकड्याने पाहिलंय.

दुसरं, आठवीला एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची) शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांसाठी. ही वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. पण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, आणि मूल शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकत असलं पाहिजे. काही पालक आठवीनंतर हौसेने विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालतात आणि चार वर्षांचे पैसे जातात. शाळा बदलण्याआधी कार्यालयात विचारा.

तिसरं, चित्रकलेच्या शासकीय परीक्षा. कला संचालनालयाची इंटरमिजिएट उत्तीर्ण असेल तर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे वेळेत जावा लागतो. मूल दहावीत गेल्यावर रंगपेटी काढण्यात अर्थ नाही, ही तयारी आठवी-नववीतच होते.

---

सातची_बेल

एक शिक्षिका म्हणून पावसाळ्याबद्दल. मुंबईत एकाच इमारतीत सकाळचं आणि दुपारचं अधिवेशन असतं, त्यामुळे पावसाची सुट्टी ही दोन वेगळ्या निर्णयांची गोष्ट होते. १८ ऑगस्ट २०२५ ला दुपारच्या अधिवेशनाला सुट्टी जाहीर झाली, तेव्हा सकाळची मुलं वर्गात होती. ती घरी कशी जाणार हा प्रश्न त्या क्षणी आमच्यासमोर होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कितीतरी शाळांत मुलं रात्रभर शिक्षकांसोबत राहिली, ते ज्यांनी पाहिलंय ते आजही आभाळ भरून आलं की मुलं मोजायला लागतात.

त्या जूनच्या कागदावर एक ओळ ही असू द्या: मुसळधार पावसात मुलाला कोणाच्या ताब्यात द्यायचं, त्या दोन माणसांची नावं आणि नंबर. पालकांचा फोन लागला नाही तर कोण? शेजारी, मामा, इमारतीतली काकू, कोणीही चालेल, पण जूनमध्ये लिहून दिलेलं. आणि पालकांनी शाळेच्या फाटकावर येऊन मूल परस्पर नेऊ नये, वर्गशिक्षकाला सांगूनच न्यावं. नववीतली मुलं मोठी दिसतात म्हणून त्यांना एकटं सोडायचा आग्रह होतो. हिंदमाताला कमरेएवढं पाणी असताना चौदा वर्षांचं मूल मोठं नसतं.

---

शिस्तप्रिय_दादर

१७ नंबरचं आणि अध्ययन अक्षमतेचं वाचून माझं मत बदललं. कागद असावा. माझ्या सोसायटीतल्या तीन मुलांच्या शाळांना मी स्वतः पत्र देतो. मसुदा कोणी करेल का?

---

लालबागकरीण

मसुदा मी आज रात्री टाकते. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेसाठी असेल. आतापर्यंतच्या प्रतिसादांतून त्यात हे घेतेय: दोन्ही सत्रांच्या आणि चाचण्यांच्या तारखा, गणपती-दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा, फेब्रुवारी-मार्चमध्ये नववी कोणत्या वेळेला भरणार आणि शिक्षक जनगणनेला गेले तर तासिका कोण घेणार, रजिस्टर तपासायचे दिवस, तपासणीच्या प्रमाणपत्रासाठी शाळेत कोणाला भेटायचं, चित्रकला आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांचा महिना, पावसाच्या दिवशीची दोन नावं. नववीच्या फेरपरीक्षेचा नियम सगळ्यात वर, ठळक अक्षरांत.

जनरल_रजिस्टर काका, एक शंका. माझ्या मुलीच्या रजिस्टरमध्ये माझं नाव माहेरचं आहे, जन्मदाखल्यावर सासरचं. हे आत्ताच बदलून घ्यावं का?

---

जनरल_रजिस्टर

हो, आत्ताच. जन्मदाखल्याची प्रत, तुमचं लग्नाचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र, आणि मुलीचं आधार घेऊन जा. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, दोन प्रतींत. एका प्रतीवर शाळेचा आवक क्रमांक आणि शिक्का घ्या आणि ती प्रत घरी जपून ठेवा. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात कार्यालयात गर्दी असते, दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीनंतर जा.